विश्लेषण : गंजलेल्या जहाजावरून चीन-फिलिपिन्स आमनेसामने का?

दक्षिण चीन समुद्रातील सेकंड थॉमस शोल या प्रवाळखडकावर २५ वर्षांहून अधिक काळ एक जुने जहाज रुतून बसले आहे. त्यावरील मोजक्या सैनिकांना रसद पोहोचवण्यावरून चीन आणि फिलिपिन्समध्ये वारंवार खटके उडाले आहेत. ठिणगी पडलीच, तर अमेरिकाही या वादात ओढली जाऊ शकते.

जहाज तिथे कसे आले?

चीनने १९९५ मध्ये जवळच्याच मिसचिफ रीफवर ताबा मिळवला. तसे पुन्हा होऊ नये म्हणून फिलिपिन्सने १९९९ मध्ये दुसऱ्या महायुद्धकाळातील ‘बीआरपी सिएरा माद्रे’ हे जहाज मुद्दाम या खडकावर चढवले. ते गंजले असले तरी नौदलाच्या नोंदीत आजही सेवेत आहे.

दावा कोणाचा?

हा खडक फिलिपिन्सच्या पलावान बेटापासून सुमारे १९५ किमीवर, म्हणजे ३७० किमीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात येतो. हेगमधील लवादाने २०१६ मध्ये चीनचा ‘नाइन-डॅश लाइन’मधील ऐतिहासिक हक्कांचा दावा फेटाळला. चीनला हा निकाल मान्य नाही.

गोळीऐवजी पाण्याचा मारा का?

अमेरिका-फिलिपिन्स संरक्षण करार १९५१ चा आहे. फिलिपिन्सच्या सरकारी जहाजावर सशस्त्र हल्ला झाल्यास तो लागू होतो, असे अमेरिकेने वेळोवेळी बजावले आहे. त्यामुळे चीन जलतोफा, धडका आणि नाकेबंदी यांवर भर देतो. दबाव वाढतो, पण ‘सशस्त्र हल्ल्या’ची रेषा ओलांडली जात नाही.

मग धोका कुठे?

ही रेषा फार पुसट आहे. फिलिपिनी नागरिक जाणूनबुजून मारला गेल्यास ती युद्धाच्या कृतीच्या अगदी जवळ जाणारी बाब ठरेल, असे अध्यक्ष मार्कोस यांनी ३१ मे २०२४ रोजी सांगितले. त्यानंतर अवघ्या १७ दिवसांनी, १७ जूनच्या झटापटीत एका फिलिपिनी नौसैनिकाचा अंगठा तुटला. जुलैमध्ये रसदीबाबत तात्पुरती तडजोड झाली. मात्र ११ ऑगस्ट २०२५ रोजी स्कारबरो शोलजवळ फिलिपिन्सच्या जहाजाचा पाठलाग करताना चीनचीच दोन जहाजे एकमेकांवर आदळली. युद्ध कोणालाच नको असले, तरी अपघात सांगून होत नाही.

भारताचा संबंध काय?

फिलिपिन्सने २०२२ मध्ये भारताशी ब्राह्मोस क्षेपणास्त्रांचा करार केला. पहिली खेप एप्रिल २०२४ मध्ये पोहोचली. लवादाच्या निकालाचे पालन व्हावे, अशी भूमिका भारताने २०२३ मध्ये फिलिपिन्ससोबतच्या संयुक्त निवेदनात घेतली. भारताचा पूर्वेकडील मोठा व्यापार याच समुद्रातून होत असल्याने तेथील शांतता भारतासाठीही महत्त्वाची आहे.