आपल्या शाळेतही संग्रहालय हवे

संग्रहालय फक्त मोठ्या शहरातच असावे का? मला वाटते, लहानसे का होईना, पण ते आपल्या शाळेतही हवे.

दिवाळीच्या सुटीत मी मामांबरोबर मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहिले. ते १९२२ साली लोकांसाठी उघडले. तिथे प्राण्यांचे व पक्ष्यांचे वेगळे दालन आहे. काचेमागे वाघ, गवा, रोहित आणि मोठा धनेश पाहायला मिळतात. गवा केवढा असतो ते मला तिथे कळले. आपला बैल त्याच्यापुढे वासरू दिसेल!

पण भुसावळहून मुंबई सुमारे ४४० किलोमीटर आहे. तिकिटाला पैसे लागतात, मजुरी बुडते. सगळ्यांना जाता येत नाही. मग बाकीच्या मुलांनी काय पाहायचे?

आपल्या भागातही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. गुरुजींनी सांगितले की, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हारस पसरला. तो थंड होताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे पाण्यातले क्षार त्यांत साचले आणि चकचकीत स्फटिक तयार झाले. जळगाव जिल्ह्यातल्या खदानींतले असे दगड परदेशांतल्या संग्रहालयांत ठेवले आहेत. नाशिक जिल्ह्यात सिन्नरला तर अशा दगडांचेच ‘गारगोटी’ नावाचे संग्रहालय आहे. आणि आपल्याकडे? चांगला गोटासुद्धा इतर दगडांबरोबर क्रशरमध्ये जातो न् त्याची गिट्टी होते. एकदा फुटला की गेलाच.

काही जण म्हणतात, “दगडं काय पाहाचे भो?” पण तो कुठे सापडला, कधी सापडला, कोणी आणला, अशी चिठ्ठी लावली की त्याच दगडापासून शिकता येते. चिठ्ठी नसली तर तो नुसता गोटा.

म्हणून वर्गात एक जुने कपाट ठेवावे. त्यात तापीकाठचे गोटे, काळी माती, बिया, शेंगा, सुगरणीचा खाली पडलेला खोपा ठेवावा. पण फुलपाखरू किंवा पाखरू मारून कोणी आणू नये. खदानीतही मुलांनी जाऊ नये, तिथे सुरुंग लावतात. जे काका, मामा तिथे कामाला जातात किंवा विहीर खोदतात, त्यांनी एखादा चांगला गोटा फोडण्याआधी आमच्यासाठी बाजूला ठेवावा.

चिठ्ठ्या आम्ही लिहू. अक्षर चांगले काढू.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी