फिलर ‘परमनंट’ असेल आणि बिघडलं, तर काय?

जुलै २०२५ मध्ये उर्फी जावेदने ओठांतले फिलर विरघळवून घेतानाचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला. सुजलेल्या चेहऱ्यावर भरपूर मीम्स आले. मुद्दा मात्र बाजूलाच राहिला. तिचे फिलर विरघळणारे होते!

हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर हायलुरोनिडेझच्या इंजेक्शनने विरघळतं. सिलिकॉन, पीएमएमए किंवा पॉलिॲक्रिलामाइड जेलवर त्याचा काहीच उपयोग नाही. हे पदार्थ शरीरात राहतात. गाठी, सूज, जंतुसंसर्ग, पदार्थ जागेवरून सरकणं, असा त्रास कधीकधी कित्येक वर्षांनी सुरू होतो. चीनने पॉलिॲक्रिलामाइड जेलवर २००६ मध्येच बंदी घातली.

मग उपाय? सोनोग्राफी किंवा एमआरआय करून पदार्थ कुठे आहे ते बघतात. संसर्ग असेल तर अँटिबायोटिक्स, गाठीसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रिया. तरी सगळा पदार्थ निघेलच असं नाही. गाठ झाकायला वरून आणखी फिलर तर नकोच.

मालवण-देवगडहून लग्नाआधी गोव्याला किंवा मुंबईला जाऊन फिलर करणार असाल, तर सिरिंजवरचं नाव आणि बॅच नंबर आधी मागून घ्या. घरी परतल्यावर त्रास झाला, तर ओरोसच्या शासकीय मेडिकल कॉलेजात किंवा बांबोळीच्या जीएमसीत डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील: आत नेमकं काय आहे?

इंजेक्शननंतर त्वचा पांढरी-निळसर पडली, असह्य दुखलं किंवा धूसर दिसू लागलं, तर सकाळची वाट बघू नका. रक्तवाहिनी बंद झालेली असू शकते, लगेच हॉस्पिटल गाठा.