गवतापायी घर?

गेल्या उन्हाळ्यात आईच्या आजारपणासाठी आम्ही पाच आठवडे पुण्याला होतो. परत आलो तर दाराला टाउनशिपची नोटीस चिकटवलेली: लॉन वाढलंय, दहा दिवसांत कापा, नाहीतर रोजचा दंड. ते दहा दिवस कधीच उलटून गेले होते. मी निमूटपणे चेक पाठवला. त्याची आता लाज वाटते.

फ्लोरिडातल्या डनीडिन गावात २०१८ साली एक गृहस्थ वारलेल्या आईच्या मालमत्तेची निरवानिरव करायला परगावी गेले होते. गवत कापणारा माणूसही तेवढ्यात वारला. दंड रोजचा ५०० डॉलर्स! बघता बघता आकडा ३० हजारांच्या घरात गेला आणि नगरपालिका घरावर जप्ती आणायला निघाली. २०१९ साली सुप्रीम कोर्टाने टिम्ब्स खटल्यात सांगितलं, की अवाजवी दंडाला असलेली घटनेची बंदी राज्यांनाही लागू आहे. तरी २०२१ साली फेडरल कोर्टाला डनीडिनचा दंड अवाजवी वाटला नाही. मग अवाजवी म्हणजे तरी किती?

इमारत कोसळायला आली असेल तर नगरपालिकेने ती आजच्या आज रिकामी करावी, माझी काहीच तक्रार नाही. २०१३ साली माझगावला बाबू गेनू मार्केटची इमारत पडून ६१ माणसं गेली, ती तर मुंबई महापालिकेच्याच मालकीची होती. जिथे अधिकार वापरायला हवा तिथे झोप, आणि गवत मोजायला मात्र इन्स्पेक्टर!

‘धोकादायक’ला मोजमाप आहे. तडे दिसतात, इंजिनियर सांगू शकतो. ‘कुरूप’ कोण ठरवणार? १९५४ च्या बर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाने शहराचं सौंदर्य हेही सरकारचं काम मानलं, आणि ज्या दुकानावरून तो दावा होता ते पडकं नव्हतंच, फक्त भोवतालची वस्ती तशी होती. नुसत्या दिसण्यासाठी दंड करायचाच, तर आधी मालकाला गाठून त्याचं म्हणणं ऐका, एकूण दंडाला मर्यादा घाला, आणि घराला हात लावू नका. यात जास्त काय मागितलं?

आपली मंडळी मात्र घरांच्या किमती पडतील म्हणून अशा नियमांवर खूश असतात. आमच्या लॉनची तक्रारसुद्धा आपल्यातल्याच एकाने केली होती. माझा नंबर त्यांच्याकडे आहे. दिवाळीच्या फराळाला ते दरवर्षी आमच्याकडे असतात.