‘निरंक’ लिहिल्याने साथ थांबत नाही

कपाशीत कामगंध सापळे कशासाठी लावायचे, हे आता कोणा शेतकऱ्याला शिकवायला नको. सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ-दहा पतंग आले, की गुलाबी बोंडअळी येऊन ठेपली असे समजायचे आणि कामाला लागायचे. बोंड किडल्यावर पंप पाठीला अडकवून काय उपयोग? पिकाच्या बाबतीत हे शहाणपण आपल्याला आले. घरच्या माणसांच्या बाबतीत मात्र अजून ‘बैल गेला अन् झोपा केला’ हाच कारभार चालू आहे.

तसे पाहिले तर माणसांच्या रोगांसाठीही सापळा लावलेला आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला. त्यात तीन नमुने असतात. आरोग्यसेविकेने गावातला ताप, जुलाब, खोकला, कावीळ नुसत्या लक्षणांवरून टिपायची, तो ‘एस’. डॉक्टरांनी तपासून संशयित रोग नोंदवायचा, तो ‘पी’. प्रयोगशाळेने खात्री केली, की ‘एल’. पूर्वी हे कागद आठवड्याला एकदा वर जात. २०२१ पासून ही नोंद संगणकावर रोजच्या रोज करण्याची सोय झाली. गावचा आकडा तालुक्याला, तिथून जिल्ह्याला आणि पुढे पुण्याला व दिल्लीला पोहोचतो.

यात नवल काही नाही, नेहमीपेक्षा काय वेगळे घडले एवढेच बघायचे असते. एरवी आठवड्याला जुलाबाचे दोन-तीन रुग्ण असणाऱ्या गावात एकदम पंधरा झाले, तर पाण्यात काहीतरी बिघडले आहे. हजार वस्तीच्या गावात दहापेक्षा जास्त घरांत जुलाब लागले, तर तो धोक्याचा इशारा मानतात. पाच वर्षांवरचे एखादे माणूस जुलाबाने अगदी गळून गेले किंवा दगावले, तर तेवढी एकच घटना पुरे. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट बघत बसायचे नाही. टाकी, गळकी जलवाहिनी, टीसीएल पावडर त्याच दिवशी तपासायची.

पण सापळ्यातले पतंग रात्री कोणी काढून टाकले तर? नेमके तेच गावोगाव होते. ‘साथ’ हा शब्द उच्चारला, की पेपरात नाव येईल, सोयरिकी मोडतील, बाजार बसेल, वरून चौकशी लागेल, अशी भीती. पाण्याच्या तपासणीत मिळालेले हिरवे कार्ड जाऊन लाल कार्ड पदरी पडेल, ही आणखी एक धास्ती. मग ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणून अहवालावर एकच शब्द पडतो : निरंक. खरोखर रुग्ण नसेल तर निरंक लिहावेच, त्याचीही सर्वेक्षणात किंमत आहे. घरोघर न फिरता लिहिलेला निरंक मात्र खोट्या सातबाऱ्यासारखा आहे. त्याच्या भरवशावर पुढचा सगळा व्यवहार फसतो.

१९९४ सालचा ऑगस्ट जुन्या लोकांना आठवत असेल. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात घरोघर पिसवा फार झाल्याची तक्रार आली, उंदीर मरून पडू लागले. त्यानंतर ताप आणि गाठी घेऊन माणसे दवाखान्यात आली. गाठीच्या प्लेगची पहिली खबर उंदरांनी दिली होती, डॉक्टर नंतर आले. त्याच सप्टेंबरात सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. खरी माहिती कमी आणि अफवा जास्त, अशी गत झाली आणि लाखो माणसे शहर सोडून पळाली. खबर दडवल्याने भीती कमी होत नाही, उलट ती मोकाट सुटते.

याउलट पुरंदर तालुक्यातले बेलसर बघा. जुलै २०२१ मध्ये तिथे तापाचे रुग्ण वाढले. आरोग्य यंत्रणेने रक्ताचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे पाठवले. डेंग्यू आणि चिकुनगुन्या तर निघालेच, पण महिनाअखेर राज्यातला झिकाचा पहिला रुग्णही तिथेच सापडला. पथके आली, डासांची पैदास शोधली गेली. गावाचे नाव पेपरात आले खरे. पण ताप लपवला असता, तर झिका गावात आहे हे कोणाला कळले असते?

म्हणून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक) यांना सांगणे आहे. ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत सह्यांचा कागद फिरवण्याआधी आशाताईला एक प्रश्न विचारा : या महिन्यात कोणत्या आळीत काय वाढले? जन्म-मृत्यूचे रजिस्टर तुमच्याच हाती आहे. पंधरा दिवसांत मृत्यू का वाढले, हे त्यातूनही दिसते. गावातल्या खाजगी डॉक्टरांनाही यात ओढा, कारण निम्मे गाव आधी त्यांच्याच पायरीवर जाते. शेतकरी बंधूंनीही कोंबड्या पटापट मेल्या, गोठ्यात गाभ पडू लागले, उंदीर-माकडे मरून पडली, तर ‘आपल्याला काय करायचंय’ असे म्हणू नये. सिंधुदुर्गात माकडतापाचा धोका ओळखायला मेलेली माकडेच उपयोगी पडतात.

आणि जिल्हा परिषदेच्या साहेबांनाही एक विनंती. ज्या गावाने लवकर खबर दिली त्याला आधी नोटीस धाडली, तर पुढच्या वर्षी तिथून निरंकच येणार. खबर देणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवा आणि जाब विचारायचा तर वर्षभर निरंक लिहिणाऱ्याला विचारा. बारा महिन्यांत ज्या गावात एकालाही जुलाब होत नाही, असे गाव आम्ही तरी अजून पाहिलेले नाही.