आजोबांची फटफटी भंगारात देण्याआधी

चोपड्यात, यावलला, शिरपूरला किंवा साक्रीला, तुमच्याही जुन्या वाड्याच्या मागच्या पडवीत आजोबांची एखादी फटफटी उभी असेल. दिवाळीची साफसफाई निघते, भंगारवाला दारात येतो आणि किलोने भाव सांगतो. त्याला चहा पाजा, पण गाडी देऊ नका.

आधी टाकीवरचं आणि इंजिनवरचं नाव वाचा. बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फ, मॅचलेस, एरियल यांपैकी काही असेल तर गाडी इंग्लंडातली. दुसऱ्या महायुद्धात एकट्या बीएसएनेच एम-२० या मॉडेलच्या लाखाहून जास्त गाड्या लष्करासाठी बनवल्या. युद्धानंतर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या आणि साध्या माणसांच्या दारी आल्या.

बुलेटचं जरा निराळं आहे. ती मूळची इंग्लंडातल्या रेडिचची, पण १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली. आपल्याकडच्या बहुतेक बुलेट मद्रासच्याच. जुन्या मद्रास बुलेटलाही गिऱ्हाईक आहे, पण रेडिचच्या गाडीचा भाव तिला मागू नका. आणि घेणारे तुम्ही असाल, तर कुणी सांगतो म्हणून ‘इंग्लंडची’ समजून पैसे मोजू नका. येझदी आणि राजदूतचे शौकीन वेगळे. त्या ब्रिटिश घराण्यातल्या नाहीतच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी रंगवू नका.

घरातल्या पोरांना उत्साह असतो. नवा रंग, चकचकीत क्रोम, नवी सीट. पैसे जातात आणि किंमत उलट उतरते. सोन्यासाठी नावाजलेल्या जळगावच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. सराफ दागिन्याची झळाळी बघत नाही, कस बघतो. जाणकार गिऱ्हाईकही जुना, विटलेला पण कारखान्यातला रंग शोधतं. रंग पुन्हा कधीही देता येतो. एकदा खरवडलेला मूळ रंग परत येत नाही.

धूळ ओल्या फडक्याने पुसा. शेणा-मातीची पुटं हळू काढा. चासीचा आणि इंजिनचा नंबर सापडेल तिथे पॉलिश पेपर अजिबात लावू नका. नंबर घासल्यासारखा दिसला की गिऱ्हाईक मागे फिरतं. दोन्ही नंबरांचे फोटो काढा आणि आरसी बुकाशी ताडून पाहा. जुन्या बीएसएमध्ये चासीचा आणि इंजिनचा नंबर कारखान्यातूनच वेगवेगळा येत असे. तेव्हा ‘नंबर जुळत नाहीत, निम्म्यात द्या’ म्हणणाऱ्याला हे सांगा. आरसी बुकाशी मात्र दोन्ही जुळायला हवेत.

मग माळा धुंडाळा. मेकॅनिकने कधीतरी काढून ठेवलेला अमल कार्बोरेटर, लुकासचा मॅग्नेटो, स्मिथ्सचा मीटर गोणपाटात पडलेला असतो. हे खरे सुटे भाग मिळणं अवघड, म्हणूनच त्यांना मोल आहे. पेट्रोल परवडेना म्हणून पूर्वी काहींनी बुलेटला डिझेल इंजिन बसवलं. तुमच्याकडे तसं झालं असेल तर मूळ इंजिनाचा शोध घ्या.

बंद गाडीला जोर लावून किक मारू नका. आतला पिस्टन अडकलेला असला तर नुकसान होईल. प्लग काढा, थोडं ऑइल सोडा, काही दिवस तसंच राहू द्या. मग हाताने हळू फिरवून पाहा. इंजिन मोकळं असेल तर बंद गाडीलाही चांगला भाव येतो. अपुऱ्या गाडीला मात्र तो येत नाही, मग ती कितीही चकाकू दे.

कागदांचं ऐका. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे. अशी गाडी रॅलीत, प्रदर्शनात नेता येते, रोज बाजाराला नाही. फार फेरफार केलेली गाडी या नोंदणीत बसत नाही. म्हणजे फेरफाराच्या नादात हाही दरवाजा बंद होऊ शकतो.

आजोबा गेले आणि गाडी अजून त्यांच्याच नावावर असेल, तर कोऱ्या कागदावर सही करून विकू नका. उद्या ती गाडी कुठे अपघातात सापडली तर पोलीस तुमच्याच घरी येतील. आत्या, काका, सगळ्या वारसांना एकत्र बसवा, संमती लिहून घ्या, आरटीओत नाव बदलून घ्या. गिऱ्हाईकाला त्यानंतरच दारात बोलवा.