ताप, पुरळ आणि गोचीड

काही वर्षांपूर्वी दिघीतल्या एका घरातून आठ वर्षांच्या मुलाला तापाने फणफणलेल्या अवस्थेत माझ्याकडे आणले. डोके दुखत होते, अंग ठणकत होते. मी टायफॉइड समजून इंजेक्शने सुरू केली. चार दिवस ताप हटेना. पाचव्या दिवशी मनगटांवर आणि घोट्यांवर लालसर पुरळ उठले, तळहात-तळपायांवरही दिसू लागले. तेव्हा कुठे मी आजीला विचारले, "घरात कुत्रा आहे का?"

"आहे ना डॉक्टर. हाच रोज त्याचे गोचीड काढतो, नखाने चिरडतो."

औषध बदलले आणि दोन दिवसांत ताप उतरला. मुलगा वाचला, पण तो प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

हा आजार म्हणजे टिक टायफस. नाव सारखे असले तरी टायफॉइडशी त्याचा संबंध नाही. रिकेट्सिया नावाचे सूक्ष्म जंतू गोचिडाच्या चाव्यातून शरीरात शिरतात. चिरडलेल्या गोचिडाचा रस खरचटलेल्या कातडीला किंवा डोळ्याला लागला तरी लागण होऊ शकते. हा आजार आपल्याकडे नवा नाही. पुणे जिल्ह्यातील अशा तापांचा अभ्यास १९८४ सालीच प्रसिद्ध झाला आहे. याच्या जवळचा स्क्रब टायफस अतिसूक्ष्म किड्यांच्या पिल्लांमुळे होतो. २०१८ साली नागपूर भागात त्याने बळी घेतले.

आमच्या धंद्याला लाज वाटावी अशी एक गोष्ट सांगतो. गाय तापली, पिवळी पडली की जनावरांचे डॉक्टर आधी गोचीड शोधतात. कारण गोचिडामुळे होणारा ॲनाप्लाझ्मा त्यांना ठाऊक असतो. कुत्र्याच्या नाकातून रक्त आले तर ते एर्लिकियाचा विचार करतात. आम्ही माणसांचे डॉक्टर मात्र मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड, लेप्टो एवढे तपासून थांबतो.

आणि थांबणे महागात पडते. पेनिसिलिन किंवा टायफॉइडसाठी नेहमी देतात ती इंजेक्शने या जंतूंवर चालत नाहीत. सल्फाच्या गोळ्यांनी तर आजार बळावू शकतो. उशीर झाला तर मेंदू, फुप्फुसे, मूत्रपिंडे यांवर परिणाम होतो. उलट डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध वेळेवर दिले तर बहुतेक रुग्ण दोन-तीन दिवसांत सावरतात. रक्ततपासणी सुरुवातीच्या दिवसांत बरेचदा काही दाखवत नाही. म्हणून माझे ठाम मत आहे, की दाट संशय असेल तर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करावे. दात पिवळे पडतील या जुन्या भीतीने लहान मुलांनाही त्यापासून वंचित ठेवू नये. थोड्या दिवसांच्या उपचाराने तसे होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. मात्र हे औषध डॉक्टरांनीच द्यायचे. दुकानातून परस्पर आणू नका. गरोदर असाल तर तसे आधी सांगा.

वाचकहो, गोचीड नखाने चिरडू नका. त्यावर विडीचा चटका नको, रॉकेलही नको. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, मग हात साबणाने धुवा. गोठा आणि कुत्र्याची झोपायची जागा स्वच्छ ठेवा. गोचिडाचे औषध पशुवैद्यकांना विचारूनच जनावरांना लावा. रानातून आल्यावर मुलांचे अंग, विशेषतः काखा, जांघा आणि कानामागे पाहा.

आणि ताप आला तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा: "घरात जनावरे आहेत, गोचीड चावला होता." हे एक वाक्य चार दिवस वाचवील, कदाचित जीवही.