बर्फातल्या माडाचा कैवार

ज्या देशात वर्षातले तीन-चार महिने जमीन गोठलेली असते, तिथे ताडामाडांच्या बिया रुजत घालणं म्हणजे निव्वळ खूळ, असं मानणारे पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: झाड ज्या उन्हाचं आणि ज्या मातीचं, तिथेच ते शोभतं. ते उचलून नॉर्वेत किंवा कॅनडात लावायचं, तर वीज जाळावी लागणार, काचघरं तापवावी लागणार आणि एवढं करूनही हिमाच्या एका रात्रीत ते काळं पडणार. त्यातून बी रुजायला महिने, खोड धरायला वर्षं. हौसच असेल तर बाजारात तयार झाड मिळतं, ते आणावं आणि मोकळं व्हावं.

हा आक्षेप दिसतो तितका पोकळ नाही. पण त्याला उत्तर देण्याआधी हौशी मंडळींनी आपल्या बाजूने उभे केलेले साक्षीदार घरी पाठवायला हवेत. हा खटला त्यांनी जितका बिघडवला आहे, तितका विरोधकांनीही बिघडवलेला नाही.

पहिला साक्षीदार स्कॉटलंडचा. हायलँड्समधल्या प्लॉक्टन गावात, 57 अंश उत्तर अक्षांशावर, समुद्राच्या काठाला ‘पाम’ उभे आहेत आणि त्यांची छायाचित्रं मोठ्या कौतुकाने दाखवली जातात. ती झाडं पाम नाहीतच. ती न्यूझीलंडची कॉर्डिलाइन ऑस्ट्रालिस, शतावरीच्या कुळातली. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा प्रसिद्ध ‘टॉर्बे पाम’ही तीच. 2010 च्या डिसेंबरातल्या कडाक्यात ब्रिटनभर कॉर्डिलाइनचे शेंडे सडले, आणि पुढे त्यातल्या कित्येकांना बुंध्यापासून नवे फुटवे आले. एकखोडी पामला हे जमत नाही. त्याचा वाढीचा कोंब एकच, शेंड्याच्या गाभ्यात दडलेला. तो मेला की झाड संपलं. कोकणात ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

दुसरा साक्षीदार फारच जुना. आर्क्टिक महासागराच्या तळाशी सुमारे 5 कोटी 30 लाख वर्षांपूर्वीच्या गाळात पामचे परागकण सापडले आहेत. पाम जर ध्रुवापाशी वाढत होते, तर आज ऑस्लोत का नाही वाढणार, असा हा युक्तिवाद. पण संशोधकांनी त्या परागांवरून काढलेला निष्कर्ष नेमका उलटा आहे: त्या काळी तिथला सर्वांत थंड महिनासुद्धा सरासरी 8 अंश सेल्सिअसच्या वर असला पाहिजे. म्हणजे पराग सापडले ते उबेची साक्ष देणारे.

तिसरा गैरसमज सर्वांत चिवट. थंड देशात बी रुजवलं की रोप जन्मापासूनच थंडीला सरावतं, असं भलेभले बागवान सांगतात. शरद ऋतूत तापमान हळूहळू उतरत गेलं तर रोप थोडं कणखर बनतं हे खरं, पण ही कणखरता तेवढ्यापुरतीच. बी डेन्मार्कमध्ये रुजलं म्हणून नारळाची गुणसूत्रं बदलत नाहीत. कडक हिवाळ्यातून तगलेल्या मातृवृक्षाच्या शेकडो बिया पेरून त्यांतली तगणारी रोपं राखणं हा वेगळा आणि खरा मार्ग आहे. त्याला निवड म्हणतात, सवय नव्हे.

एवढी साफसफाई झाल्यावर मूळ मुद्दा दिसू लागतो. पामच्या सुमारे अडीच हजार जाती आहेत. बहुतेक उष्ण कटिबंधातल्या, पण सगळ्या नव्हेत. चीनमधला चुसान पाम, म्हणजे ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी, पुरता वाढल्यावर उणे 12 ते 15 अंशांपर्यंतची थोड्या काळाची थंडी सोसतो. अमेरिकेच्या आग्नेय भागातला नीडल पाम त्याच्याही पुढचा. उणे 20 अंशांच्या आसपास उतरूनही तो जगल्याच्या नोंदी आहेत. सबाल मायनर हा बुटका पाम तर ओक्लाहोमा राज्याच्या एका कोपऱ्यात आपणहून वाढतो. त्याचं खोड जमिनीखाली असतं आणि कोंब मातीच्या पांघरुणात सुरक्षित राहतो. मग थंड देशातल्या माळावर ही झाडं आपली आपण का उगवत नाहीत? कारण मोठं झाड जे सोसतं, ते कोवळं रोप सोसू शकत नाही. चुसान पामच्या पहिल्या दोन-तीन वर्षांच्या, गवताच्या पात्यासारखी चार पानं असलेल्या रोपाला साधा हिमदंशही पुरतो. बी रुजायला हवी असलेली ऊब तर त्या मातीला उन्हाळ्यातही धड मिळत नाही.

अडचण आहे ती ह्या बाळपणाची. घरातल्या उबेत बी रुजवणारा माणूस निसर्गावर कुरघोडी करत नाही. झाडाच्या आयुष्यातला सर्वांत दुबळा टप्पा तेवढा तो छताखाली पार पाडून देतो. पुढचं झाडाचं झाड पाहून घेतं.

हे कोरडं तत्त्वज्ञान नाही, ह्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा दाखला आहे. जपानमध्ये डच वखारीत वैद्यकी करणाऱ्या फिलिप फ्रांत्स फॉन झीबोल्टने 1830 मध्ये चुसान पामच्या बिया हॉलंडमधल्या लायडेनला पाठवल्या. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनच्या चुसान बेटावर हेच झाड पाहिलं. तिथले शेतकरी त्याच्या खोडावरच्या तंतूंचे दोर वळत आणि पावसात पांघरायचे झगे करत. फॉर्च्यूनने पाठवलेली रोपं 1849 मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचली. क्यूमध्ये आदल्याच वर्षी ताडामाडांसाठी अवाढव्य काचमहाल उभा राहिला होता, पण ह्या पाहुण्याला त्याची गरज पडली नाही. तो उघड्यावर जगला आणि आज इंग्लंडातल्या साध्या घरांच्या अंगणांतही दिसतो.

आता बियांकडे. ‘रुजतच नाही’ ह्या तक्रारीत थंडीचा दोष फार थोडा आणि शिळ्या बियांचा फार मोठा असतो. 1876 च्या जूनमध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून रबराच्या सुमारे 70 हजार बिया क्यूमध्ये आणल्या. त्यांतल्या 4 टक्क्यांहूनही कमी रुजल्या. क्यूला ऊब देता येत नव्हती असं नव्हे. ज्या बिया जिवंत होत्या, त्या तिथे काही दिवसांतच रुजल्या, आणि त्या रोपांतूनच सिलोन-मलायातले रबराचे मळे उभे राहिले. बाकीच्या बिया वाटेतच मेल्या होत्या. रबर, आंबा, फणस, सुपारी, नारळ ह्यांच्या बियांना वाळणं मानवत नाही. ओल गेली की त्या संपल्या. उलट खजुराचं बी वाळूनही तग धरतं. इस्राएलमधल्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेलं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं खजुराचं बी 2005 मध्ये रुजलं, आणि त्या झाडाला ‘मेथुसेला’ हे नाव मिळालं. तेव्हा कुठलं बी कोरड्या पाकिटात महिनोन्‌महिने राहू शकतं आणि कुठलं फळातून काढताच पेरायला हवं, एवढं कळलं तरी निम्मी लढाई जिंकली.

खजुराचंच पाहा. बीच्या एका बाजूला लांब चीर असते आणि पाठीवर, साधारण मध्यभागी, एक बारीक गोल ठिपका. गर्भ त्या ठिपक्याखाली असतो. गर धुऊन, दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून, ओलसर कोकोपीटसह झिपच्या पिशवीत घालून ते बी 27 ते 30 अंशांच्या उबेत ठेवलं, की काही आठवड्यांत त्या ठिपक्यातून पांढरी जाड दांडी बाहेर पडते आणि सरळ खाली जाते. नवखा माणूस तिला मूळ समजतो. ती असते बीजपत्राचा देठ. गर्भ बीतून निघून त्या दांडीच्या टोकापाशी, जमिनीत खोलवर जाऊन बसलेला असतो. मूळ तिथून खाली सुटतं आणि पहिलं पान दांडीच्या कुशीतली फट फोडून वर येतं. वर काहीच दिसत नाही म्हणून ह्याच सुमाराला कित्येक जण कुंडी उपडी करतात! काही जण उरलेलं टणक बी ‘रिकामं झालं’ म्हणून तोडून टाकतात. रोप मात्र अजून त्याच्यावरच पोसत असतं. उथळ कुंडी इथे घातक ठरते. भेरली माडाचं बी रुजवणाऱ्याला आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते: त्याच्या फळाच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, आणि हातमोज्यांशिवाय तो गर काढणाऱ्याला रात्रभर हात खाजवत बसावं लागतं.

धीर लागतो, हे कबूल. पामच्या पाव भागाहून अधिक जातींना रुजायला शंभर दिवसांपेक्षा जास्त लागतात आणि तरीही शंभरात वीस बियासुद्धा उगवत नाहीत, असा वनस्पतिशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पण त्यावर ‘तयार झाड आणा’ हा सल्ला देणारे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. एकखोडी पामचं कलम होत नाही, फांदी लावता येत नाही. बाजारातलं ते तयार झाडही कुणीतरी, कुठेतरी बीपासूनच वाढवलेलं असतं. मग बी रुजवणं खूळ कसं? खूळ असलंच, तर ते फक्त दुसऱ्याच्या पदरी घातलेलं असतं.

आणि तयार झाडाबरोबर काय येतं, तेही पाहायला हवं. कोकणातला बागायतदार ज्या सोंड्या भुंग्याच्या नावाने बोटं मोडतो, तो मूळचा आपल्याच भागातला, दक्षिण आणि आग्नेय आशियातला. 1990 च्या दशकात तो स्पेनमध्ये उतरला. इजिप्तमधून आणलेल्या मोठ्या खजुरी झाडांच्या खोडांतून त्याने हा प्रवास केला. पुढे इटली आणि फ्रान्सच्या किनाऱ्यांवरचे कॅनरी पाम त्याने ओळीने आडवे केले. दक्षिण अमेरिकेतला पायसँडिसिया हा पतंगही अशाच विकतच्या पामच्या पोटात बसून युरोपात आला. दोघांच्याही अळ्या खोडाचा गाभा पोखरतात. धुतलेल्या बीत त्यांना जागा नाही. घाईची किंमत इथे शेजाऱ्यांच्या झाडांनी मोजली आहे.

विजेचा आक्षेप हिशेबापुढे टिकत नाही. बियांना ऊब देणारी 20 वॉटची हीट मॅट महिनाभर अहोरात्र चालली तर साडेचौदा युनिटं होतात. तेवढ्याच वॉटचा एलईडी दिवा हिवाळ्याच्या सहा महिन्यांत रोज 14 तास लावला तर पन्नासएक. पुण्यातल्या एका बेडरूमचा एसी मे महिन्यात तेवढी वीज आठवड्याभरात सहज संपवतो. काचमहाल तापवणं हे प्रकरण वेगळं, आणि ते उमरावी थाटाचंच होतं. कोळशाच्या भट्ट्या आणि वसाहतींमधून उचलून आणलेली झाडं ह्यांवर तो उभा होता. पण तो दोष सरदारी हौसेचा आहे. खिडकीतल्या झिपच्या पिशवीवर तो लादण्यात काय अर्थ?

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे, आणि तो स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडून येतो. टिचिनो प्रांतात, लुगानो आणि लोकार्नोच्या तळ्यांकाठी, चुसान पाम शंभराहून अधिक वर्षं बागांचा शृंगार म्हणून लावले गेले. गेल्या काही दशकांत हिवाळे सौम्य झाले, पक्ष्यांनी बिया रानात नेल्या आणि रोपं बर्फाला बळी न पडता वाढू लागली. आज तिथल्या पानझडी जंगलांच्या तळाशी पामचं सदाहरित रान माजलं आहे, आणि स्थानिक झाडांच्या रोपांना उजेड मिळेनासा झाला आहे. 1 सप्टेंबर 2024 पासून स्वित्झर्लंडने ह्या पामच्या विक्रीवर बंदी घातली. ह्यावर ‘आमच्या अंगणात एकच तर आहे’ म्हणणं म्हणजे पळवाट. टिचिनोत हे झाड लावू नये; लावलेलं असलं, तर फळं धरण्याआधी त्याचे फुलोरे कापावेत.

पण टिचिनोचा हा दाखला सगळ्या उत्तरेवर फिरवता येत नाही. तिथे जे घडलं ते रोपाचं बाळपण आपोआप निभावू लागल्यामुळे. ज्या गावात ते अजून निभावत नाही, तिथे पाम माणसाच्या हाताबाहेर जाऊ शकत नाही. तेव्हा कसोटी सरळ आहे: जिथे झाडाखाली पडलेलं बी आपोआप रुजत नाही, तिथे लावावं, जिथे रुजू लागलं, तिथे थांबावं. हवामान बदलतंय म्हटल्यावर ही कसोटी दर काही वर्षांनी नव्याने लावावी लागेल.

परदेशातल्या मराठी घरांना ह्यात दोन गोष्टी लागू पडतात. पहिली, गावाहून येताना सामानात सुपारी, फणस किंवा कढीपत्त्याचं बी दडवून आणू नये. बहुतेक देशांत त्याला रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, आणि कढीपत्त्यावर तर लिंबूवर्गाचा घात करणाऱ्या रोगाची वाहक कीड पोसते. युरोपीय संघात येणाऱ्या प्रवाशाला ज्या मोजक्या फळांसाठी प्रमाणपत्र लागत नाही, त्यांत खजूर आहे. आणि वाण्याकडच्या साध्या खजुराच्या बियाही झकास रुजतात. अर्थात असलं झाड थंड देशात कुंडीतच राहणार आणि हिवाळ्यात घरात येणार, त्याच्या फळाची आस लावून घेऊ नये.

दुसरी गोष्ट नारळाची. युरोपातल्या रोपवाटिकांमध्ये मोड आलेला अख्खा नारळ कुंडीत खोचून विकायला ठेवतात. विकत घेणारा कोकणातला असेल तर त्याचा जीव गलबलतो आणि पाकीट उघडतं. ते रोप नारळातल्या साठ्यावर काही महिने तजेलदार दिसतं. साठा संपला की गार मुळं आणि अपुरा उजेड ह्यांनी एक-एक झावळी करपत जाते आणि बहुधा पहिल्याच हिवाळ्यात खेळ आटोपतो. बीपासून पाम वाढवण्याचा कैवार घेणाऱ्यांनी ह्या विक्रीचा निषेध सर्वांत आधी करायला हवा. तेवढ्याच पैशांत चुसान पामच्या ताज्या बियांचं पाकीट येतं. मात्र त्यात नर-मादी झाडं वेगळी असतात आणि फुलोरा येईपर्यंत ती ओळखता येत नाहीत, म्हणून एकावर न थांबता पाच-सहा रोपं राखावीत.